सिक्स्टनच्या नळीत रुतलेली गोळी

५ सप्टेंबर

चोर! सख्खा भाऊ आणि माझ्या काडतुसांचा चोर!

मूस हरणाच्या शिकारीचा पहिलाच दिवस. हाकारा संपला, सगळे बंदुका रिकाम्या करत होते. सिक्स्टनने काडतूस काढायला बंदुकीची खिट्टी मागे ओढली तर काडतुसाचं पितळ तेवढं बाहेर आलं. दारू सांडली, गोळी नळीतच रुतलेली. आणि हा शहाणा ती उडवून काढायला खिशातून दुसरं काडतूस काढतोय! आमचा म्होरक्या हाल्वार ओरडला म्हणून वाचला. ते मागून उडालं असतं तर बंदूक तोंडावर फुटली असती.

वर मलाच म्हणतो, "ताई, तुझी गोळी तुझ्यासारखीच गं! एकदा रुतली की हलत नाही."

सगळे हसले.

६ सप्टेंबर

अख्खा हिवाळा घातला मी ती काडतुसं घरी हाताने भरण्यात. तीन जातींची दारू पारखली — एक थंडीत मंदावायची, एक नळीत काजळी धरायची, तिसरी जमली. गोळी किती खोल बसवायची ते माझ्या बंदुकीत मोजून ठरवलं. केसभर इकडेतिकडे नाही! प्रत्येक नळीचा घसा वेगळा, गोळी जरा पुढे आली की त्यात रुतते. माझं माप माझ्या बंदुकीपुरतं. म्हणून तर डब्यावर नाव घातल्याशिवाय मी तो फळीवर ठेवत नाही.

आणि हा म्हणतो, "डबा तूच दिलास की, वसंतात." खोटारडा!

७ सप्टेंबर

बोलले! शिकारीच्या खोपटात, कपांतली कॉफी गार होईपर्यंत. करवत-गिरणीच्या संपात तीनशे माणसांपुढे बोलले होते, तशी. म्हटलं, जो न विचारता दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो, तो उद्या दुसऱ्याचा जीव घेईल.

हाल्वार पुटपुटला, "हिल्लेवी, आधी तो डबा तर बघू."

"डबा कशाला? नळी बघितलीस ना!"

नऊ हात वर झाले. सिक्स्टन तुकडीबाहेर. एकतीस वर्षांनी. माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. बरं झालं!

८ सप्टेंबर

त्याच्या मचाणावर बसायला कोणी तयार नाही. हळवी मेली!

९ सप्टेंबर

सिक्स्टनची बायको एल्ना पायरीवर तो काडतुसांचा डबा ठेवून गेली. दारही वाजवलं नाही.

झाकणावर माझं अक्षर — "सिक्स्टनला, साठीच्या शुभेच्छा. खास तुझ्या बंदुकीसाठी."

आत माझ्याच बंदुकीच्या मापाची काडतुसं. त्याची बंदूक मी कधी मोजलीच नव्हती.

नऊ हात.