घरचीच तर आहे

१२ मार्च, बुधवार

हॉटेल आज तुडुंब! खुर्च्या कमी पडल्या. दोघं जण दाराशी उभे राहून सूप प्यायले.

खेळातलंच सूप. पण पिणारी माणसं खरी. आपापल्या घरी हेडफोन लावून बसलेली. त्या शहरात कोणी पोलीस झालंय, कोणी टॅक्सीवाला, कोणी डॉक्टर. कोणीतरी उघडल्याशिवाय तिथे एकही दुकान उघडत नाही. मी हॉटेल उघडलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात 'वरची ओळ वाचा, आता खालची' करायचं आणि घरी येऊन मालकीणबाई व्हायचं. मजा आहे!

काउंटरवर धाकटी. माझी जाऊ. खेळात तिचं नाव चिमणी. पलीकडच्या खोलीत भाऊजींच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसते. ऑर्डरी घेते, भांडणं सोडवते, रुसलेल्या गिऱ्हाइकाला परत आणते. आज एका टॅक्सीवाल्याने उधारी मागितली. ही म्हणाली, "उधारी उद्या, दादा. आणि उद्या आम्ही बंद!" अख्खं हॉटेल खो खो हसलं.

गल्ला सगळा माझ्या खात्यात. खेळातला तळ्याकाठचा बंगला आता फार लांब नाही.

१३ मार्च

आचाऱ्याचा पगार केला. फार कुरकुरतो. धाकटीचा प्रश्न नाही — घरचीच तर आहे.

१५ मार्च, शनिवार

शहरात पगारावरून बोंबाबोंब. मालक गब्बर झालेत, कामाला माणसं टिकत नाहीत. दोन दुकानं बंद पडली. जो कोणी हा सगळा खेळ चालवतो, त्याला आम्ही नगरशेठ म्हणतो. त्याने उद्या चौकात सभा ठेवली आहे.

मी भाषण लिहिलं. धाकटी ओट्याशी कांदा चिरत होती, तिला वाचून दाखवलं.

"छान आहे, ताई," ती म्हणाली. "फक्त 'घाम' दोनदा आलाय."

एक घाम काढून टाकला.

१६ मार्च, रविवार

लिहू की नको? लिहिते.

चौक भरला होता. मी जोरात बोलले. "खेळ असला म्हणून काय झालं? तासन्तास राबणारा माणूस खरा आहे, त्याचा वेळ खरा आहे! जो मालक स्वतः बंगले बांधतो आणि कामाच्या माणसाला गोड बोलून राबवतो, त्याला या शहराने जाब विचारला पाहिजे!" टाळ्याच टाळ्या. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग समोरच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला उठला. आवाज अगदी शांत. "पटलं, बाई. मग एक सांगा — तुमच्या काउंटरवरच्या चिमणीताईंना पगार किती?"

खरं सांगायचं तर 'काही नाही' म्हणावं लागलं असतं. एवढं भाषण ठोकून 'काही नाही'! तोंडातून निघून गेलं — "ती पगारी नाहीच मुळी. भागीदार आहे माझी."

"अस्सं? चिमणीताई, खरं का हे?"

भिंतीपलीकडे तिची खुर्ची करकरली. मग तिचा आवाज दोनदा आला — एकदा हेडफोनमधून, एकदा भिंतीतून.

"हो. निम्मी-निम्मी."

पुन्हा टाळ्या. माझ्यासाठी! कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

खोलीतून बाहेर आले. ती बाटल्यांत पाणी भरत होती. मी म्हटलं, "अगं, मघाशी ते..."

"उद्या डब्याला भात चालेल ना, ताई?"

चालेल म्हणाले. आणखी काय म्हणणार?

१७ मार्च

भात नेला. तसाच परत आणला. एका आजोबांना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहून दिला. ते परत आले म्हणून बरं.

१९ मार्च, बुधवार

नगरशेठने भागीदारी नोंदवून टाकली! मला न विचारता! चौकात सगळ्यांसमोर कबूल केलंत म्हणे, ते पक्कं. निम्मा गल्ला आता आपोआप तिच्या खात्यात.

रागाने लाल झाले. कोणावर रागवायचं तेही कळेना. मग शहाणपणा सुचला. तिच्या दाराशी गेले. "अगं, ते भागीदारीचं आपलं म्हणण्यापुरतं बरं का. पैसे तू मला परत पाठवत जा. घरातल्या घरात कसला हिशेब?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझीच साडी तिच्या हातात होती.

"पाठवते, ताई."

लगेच पाठवले. माझ्या मोबाइलवर खेळाचं टिंग वाजलं. मी दारात उभी होते तोवरच.

बंगल्याचा सौदा करायला बसले. तळं दिसत होतं, झाडं दिसत होती. सौदा झाला नाही माझ्याच्याने. खेळ बंद केला.

२२ मार्च, शनिवार

पैसे परत पाठवले तिला. आजवर घेतलेले सगळे. वर लिहिलं, 'तुझे आहेत.' उत्तर आलं, 'बरं.' एवढंच. भांडली असती तर! मला चार शब्द सुनावले असते तर मीही चार सुनावले असते आणि फिटंफाट झाली असती.

तिने त्या पैशांतून पहिलं काय केलं? आचाऱ्याचा पगार वाढवला. सोमवारी सुट्टी. आचारी आता कुरकुरत नाही. गातो! बेसूर गातो, पण गातो.

आणि गिऱ्हाइकं दारातून आत आली की विचारतात, "चिमणीताई आहेत का?" मी समोर उभी असते. म्हणते, येईलच.

२३ मार्च

बोटीवरून यांचा फोन. नोकरीच तिथली, रेंज तुटक-तुटक. सांगून टाकलं, "मी धाकटीला खेळात निम्मी भागीदार केलं!" हे म्हणाले, "वा! तू मनाची मोठीच आहेस." मी खरं काय ते सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तेच खोटं, आणि या वेळी कोणी विचारलंही नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

आज जे केलं ते इथेच लिहू शकते. दुसरीकडे कुठे तोंड उघडणार?

दुपारी दुकानात फोन आला. बाईंचा आवाज. कोपऱ्यावर नवीन केकचं दुकान निघालंय, त्याची मालकीण. "तुमच्या जाऊबाईंनी कामासाठी विचारलंय. ओळखीचं म्हणून तुमचा नंबर दिलाय. काउंटर सांभाळतील का त्या? काही अनुभव?"

मला माहीतच नव्हतं. ती कामाच्या शोधात आहे हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं! सकाळचा चहा कोण करणार. डबा. भाऊजींचे शर्ट. गॅसवाला येतो तेव्हा दार कोण उघडणार. इतकं सगळं आलं, आणि ती आली नाही.

"अनुभव?" मी म्हणाले. "नाही हो. घरीच असते."

"बरं बरं," म्हणाल्या. फोन ठेवला.

घरीच असते! चौकात भागीदार, आणि चौकातून बाहेर आली की घरीच असते. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. म्हणालं, "बाई, मला काही दिसत नाहीये." मी भिंग उलटं लावलं होतं.

२८ मार्च

ती नेहमीसारखीच. मी भाजीला नावं ठेवली. का ठेवली? चांगली झाली होती.

३० मार्च, रविवार

आज खेळात तिच्या शेजारी काउंटरवर उभी राहिले. एक डॉक्टर आला, कॉफी मागितली. मी दूध सांडलं, सुटे द्यायला विसरले, मग त्याला दोनदा सुटे दिले. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, सरका." ऐकलं मी. सरकले. कोपऱ्यात उभी राहून पाहिलं — तीन जणांशी एकदम बोलते, एकालाही वाटत नाही की आपल्याला थांबवलंय. हे इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर चालू होतं. आणि लोकांचे डोळे तपासते मी!

३१ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत केकच्या दुकानात गेले. मालकीणबाई ठेंगण्या, गोल, हाताला कोपरापर्यंत मैदा.

म्हटलं, "मी चष्म्याच्या दुकानातली. फोनवर मी खोटं बोलले. तिला अनुभव आहे. म्हणजे — दुकान खरं नाहीये, पण काउंटर..." कसं सांगायचं? त्या ऐकत राहिल्या. मी सगळं सांगितलं. खेळ, हॉटेल, उधारीवाला टॅक्सीवाला. आणि मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, "मी तिला कधी काही दिलं नाही. आणि घरात तिने काम सोडलं तर माझी पंचाईत होईल म्हणून तुम्हाला तसं म्हणाले."

त्यांनी हात पुसले. "त्या तुमचा नंबर देताना काय म्हणाल्या माहितेय? 'ताईंना माझ्याबद्दल कमी सांगायची सवय आहे. त्या सांगतील त्याच्या दुप्पट धरा.'"

मी खाली बघितलं.

"आता शून्याची दुप्पट मी किती धरू?" त्या हसल्या. "म्हणून बोलावून घेतलं आणि शनिवारच्या गर्दीत उभं केलं. कालच सांगितलं त्यांना, बुधवारपासून या."

म्हणजे काल. म्हणजे 'ताई, सरका' म्हणाली तेव्हा तिच्या हातात काम होतं.

मी निघाले तर त्यांनी पाठीमागून विचारलं, "पगाराचं नाही विचारलंत?"

"तिने ठरवला असेल ना?"

"आल्या आल्या. नाव सांगायच्या आधी!"

रस्त्यात रडू आलं. लोक बघत होते. डोळ्यांत काहीतरी गेलंय असं दाखवलं.

१ एप्रिल

जेवताना तिने सांगितलं. भाऊजींनी हातातला घास तसाच धरला. "आणि डबा?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "डबा रिकामा असतो तेव्हा हलका असतो. उचलून ओट्यावर ठेवायचा आणि भरायचा."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी तिची बाजू घेतली पाहिजे होती, मोठ्याने. फक्त म्हणाले, "सकाळचं मी बघते." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" विचारलं.

ती निजायला गेली तेव्हा दाराशी गेले. "फोनवर मी..."

"कळलं मला, ताई."

"चुकलं माझं."

ती म्हणाली, "हो." 'असू दे' म्हणाली नाही. 'तसं काही नाही' म्हणाली नाही. बरं केलं.

२ एप्रिल, बुधवार

भात करपला. भाऊजींनी मुकाट्याने डबा नेला. मीही तोच नेला. धाकटी नवी ओढणी घेऊन आमच्या आधी घराबाहेर पडली.

४ एप्रिल

गॅसवाला येऊन गेला. दार उघडायला कोणी नव्हतं. भाऊजींनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली — एकच बाही. कोट घालून गेले.

६ एप्रिल, रविवार

धाकटीने हॉटेलमधला आपला निम्मा वाटा आचाऱ्याच्या नावे केला. मी म्हटलं, "अगं, सुट्टीच्या दिवशी तरी येत जा खेळायला. तुला इतकं आवडतं ते!"

ती केस विंचरत होती. "मला कुठे आवडायचं, ताई? तुम्ही एकट्याच दार लावून बसायला लागलात. हाक मारली तरी जेवायला उठायच्या नाहीत. तिथे तरी माझी हाक ऐकू येईल, म्हणून शिकले मी."