न उघडलेला रिमोट

मंगळवार, संध्याकाळ

अजून राग जात नाही. बेळ्ळंदूरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने आमच्या गाडीचा बंद पडलेला रिमोट हातातसुद्धा घेतला नाही. म्हणे, "मॅडम, गाडी जुनी झाली, सगळी सिस्टिमच बदला." अरे, उघडून तरी बघ. जुनं म्हणजे लगेच टाकाऊ?

परतताना राजाजीनगरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडे थांबले. त्यांनी रिमोट उघडला, बटणाखालून ब्रश फिरवला, बटण दाबलं आणि बाहेर गाडीचं कुलूप खट्कन उघडलं. मग कागदावर झटकलेली लाल भुकटी माझ्यापुढे धरून म्हणाले, "अक्का, दसऱ्याच्या आयुधपूजेला कुंकू स्वल्प कमी लावा."

दरवर्षी मीच लावते. तरी त्या सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडून बघायला नको होतं का?

घरी मी फक्त सर्व्हिस सेंटरचंच सांगितलं.