ग्लासात उभी सिरिंज

४ मार्च
शुद्धलेखन चुकेल, माफ कर. आठवीतच शाळा सोडली. टायपिंग पण गोगलगायीसारखं, एका बोटाने — दुसऱ्या हातात भोपळ्याचा हात असतो. भोपळ्या म्हणजे माझा भाऊ, सहा वर्षांचा. डोक्यावर सतत हेल्मेट, म्हणून भोपळ्या. त्याला झटके येतात. घरात वही आहे, पण ती झटके मोजायची. म्हणून मी इथे, मोबाईलवर.
आज ११ झटके.

६ मार्च
नवीन औषध! आधीची दोन चालूच, वर हे तिसरं. डॉक्टरबाई म्हणाल्या, असा आजार फार कमी मुलांना असतो. झटके थांबतीलच असं नाही, कमी व्हावेत. महिनाभर बघू. मला विचारायचं होतं, नाही झाले कमी तर? राहूनच गेलं. नेहमीचंच.
सकाळचा डोस कधी आई लॉन्ड्रीत कामाला जायच्या आधी देते, कधी मी. घोळ नको म्हणून आईचा नियम — द्यायचंय तर औषध तोंडात सोडायची सिरिंज ग्लासात उभी. दिलं की ताटलीत आडवी.

९ मार्च
१०. बाबा म्हणाले, "बाटलीत पाणीच भरलंय का काय!" कुणी हसलं नाही.

११ मार्च
आत्या आलीय राहायला. मदतीला म्हणे. भोपळ्या झटक्यात तिच्या मांडीवरच पडला. ९.

१२ मार्च
शून्य!!
एकही नाही! नुसता झोपून आहे. आत्याने हेल्मेट काढून डोक्यावरून हात फिरवला. "बघ, लागू पडलं गं!" मी बाबांना कामावर फोन केला. नाक ओढल्याचा आवाज आला.

१२ मार्च, परत
आई आली. उठव म्हणाली. उठेना. डोळे उघडायचा, मिटायचा.
"सकाळी तू दिलंस?"
हो.
"अगं, मी देऊन गेले होते की!"
सिरिंज उभी होती. शप्पथ. आत्याने भांडी घासली, सिरिंज पण धुतली, आणि नीट ग्लासात ठेवली. तिला काय माहीत.
दवाखान्यात नेतायत.

१४ मार्च
घरी आणला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, तो दिवस धरायचा नाही. वहीतलं शून्य मीच खोडलं.
आत्या रडतेय — "मेल्या हाताला स्वस्थ बसवत नाही!" आई म्हणाली, "वन्सं, पुरे आता." मला कुणीच काही बोललं नाही.
खरं सांगू? तो जागा झाला, आणि लगेच पडायला लागला, तेव्हा वाटलं — झोपलेलाच बरा होता. हे कुणाला सांगू.

१७ मार्च
१२. हेल्मेटचा पट्टा तुटला. मी धावते. मी पोचेपर्यंत तो खाली.

१९ मार्च
आईला दिवस गेलेत. तिसरा महिना. बाळालाही झटके आले तर?