चढावरचं पाणी

प्रिय,

हा शब्द सवयीनं पडला हातून, हुरळून जाऊ नकोस. लग्न मोडून इतकी वर्षं झाली, तरी पत्राला दुसरी सुरुवात मला अजून सुचत नाही.

तू पाठवलेले बाटल्यांचे फोटो पाहिले. लेकीला पहिल्यांदाच सायकलच्या लांबच्या राइडला नेतोयस, तर तिच्यासाठी पाण्याचं काय घ्यावं, असं तू मला विचारलंस. पाण्याचं, आणि तेही मला. कोडगेपणालाही काही हद्द असते, असं माझी आई म्हणायची. ती तुला पुरती ओळखत नव्हती. तरीही उत्तर देते, कारण तहान आपल्या भिंगरीला लागणार आहे.

पहिली ती पाठीवरची पिशवी, खांद्यावरून नळी थेट तोंडाशी आणणारी. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचे नमुने तपासते. ओली नळी तशीच टांगून ठेवली की तिच्यात काय काय उगवतं, हे मला कुणी सांगायला नको. ती घासायला वेगळा लांब ब्रश मिळतो म्हणे. आपल्या अख्ख्या संसारात ज्यानं स्वतःचा कप विसळला नाही, तो राइडवरून आल्यावर ब्रश घेऊन नळी घासत बसणार, हे मी लॅबमधल्या मैत्रिणीला सांगितलं, तर हसता हसता तिचा चहा सांडला. शिवाय पाठीवरच्या पिशवीत पाणी किती उरलंय ते दिसत नाही. नळीतून नुसती हवा आली की कळतं, संपलं. आणि तोवर शेवटचं दुकान कधीच मागे पडलेलं असतं.

दुसरी ती स्टीलची, दिवसभर पाणी गार ठेवणारी. गार ठेवते, खरं आहे. पण झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात, म्हणजे प्रत्येक घोटाला सायकल थांबवायची. तू आणि थांबणार? आणि तिसरी म्हणजे कहरच. फोनला जोडलेली, मध्येच किणकिणून पाणी प्यायची आठवण करणारी. तहान लागली हे ज्याला बाटलीनं सांगावं लागतं, त्यानं घरी पंख्याखाली बसावं. पण तुझा तो ग्रुप असलाच. पोटं सुटलेली, सायकली मात्र पिसासारख्या हलक्या. चहाच्या टपरीवर तासभर बाटल्यांवर वाद घालतील आणि पहिल्या चढाला मोटार बोलावतील. नाचता येईना अंगण वाकडं.

साधी मऊ प्लास्टिकची बाटली घे. एका हातानं दाबली की तोंडात धार येते आणि किती उरलंय ते बाहेरून दिसतं. अशा दोन घे. एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर घातलेलं, आणि दोन्ही तिच्या सायकलवर. बाटलीचा दुसरा स्टँड मी कालच बसवून घेतला.

'तिच्या सायकलवर' हे मी उगाच लिहिलेलं नाही. तुझी ती जुनी रीत आठवते ना? चढ आला की तू हात पुढे करायचास आणि माझी बाटली काढून तुझ्या सायकलला लावायचास. तेवढंच तुझं ओझं कमी, म्हणायचास. ग्रुपमधल्या बायका माझा हेवा करायच्या. मीही खुळी, त्यांच्याकडे बघून मिरवायचे. सगळे तुला वाऱ्या म्हणायचे आणि मला वाटायचं, वारा आपल्या घरचा आहे.

मग तो दुपारचा चढ. मागून ती पोरांची टोळी आली, तुला मागे टाकून गेली, आणि तू उभा राहून पायडल मारत त्यांच्यामागे सुटलास, माझं पाणी घेऊन. मी आधी हाका मारल्या, मग हाका मारायला तोंडात ओल उरली नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसले तेवढं आठवतं. दुधाच्या गाडीवाल्यानं पाणी पाजलं, त्याच्या डब्याला डिझेलचा वास होता. तसं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही. त्यानं मला वर आणून सोडलं तेव्हा तू बूट काढून सावलीत बसला होतास. दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. आणि तू पहिलं काय विचारलंस? सायकलला काही लागलं नाही ना. लग्न पुढे बरंच चाललं, कागदावर. माझ्यापुरतं ते त्या सावलीतच संपलं.

हे उकरून काढायचं कारण ऐक. परवा जेवताना भिंगरी मला सांगत होती, बाबा चढावर माझं पाणी घेणार आहे, तुझं घ्यायचा तसंच. तू तिला ती रीत सांगितलीस, शेवट गाळून. तिचा चेहरा असा फुलला होता की मला तो शेवट सांगववला नाही. तिला एक बाप आहे, तो माझ्या तोंडून कमी व्हायला नको. तेव्हा निघण्याआधी तो शेवट तूच सांग. तेवढी छाती नसेल, आणि नसणारच, तर निदान एवढं कर. तिनं स्वतः बाटली पुढे केली तरी घेऊ नकोस. आणि चढावर कितीही टोळ्या पुढे गेल्या तरी तू तिच्या मागे राहा. तिला वाटेल, बाबाला आता धाप लागते. वाटू दे.

एके काळची तुझीच,
भिंगरीची आई