ऑस्करच्या पिस्तुलाचा चाप

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कानाखाली मारली त्यानं माझ्या! माझ्या! सहा मेंबरांच्या देखत!

ऑस्करनं — वसईच्या ऑस्करनं! अकरा वर्षांपूर्वी यानंच मला शारजाच्या या शूटिंग क्लबात हत्यारं दुरुस्त करायला आणलं. आता मॅनेजर झालाय, हात सैल सुटलाय.

झालं एवढंच. त्यानं स्वतःसाठी एक जुनं पिस्तूल घेतलंय, कुठल्याशा फौजेनं मोडीत काढलेलं. चाप इतका जड की ओढता ओढता नळी डावीकडे वळते. शनिवारी स्पर्धा. म्हणे, तोवर हलका करून दे. म्हटलं, आठवडा तरी लागेल. "यल्ला, चल आटप हेमचंद्र, नखरे नको!" मी म्हटलं, नेम लागत नाही तर ट्रिगरच्या नावानं बोंब मारू नकोस. मेंबर हसले. आणि सणसणीत बसली.

मी काय केलं? खाली पडलेला चष्मा शोधला! बावन्न वर्षांचा बाप्या, फरशीवर चाचपडत होतो.

४ फेब्रुवारी

गालावर वळ. ईशानी म्हणाली, "बाबा, हू हिट यू?" म्हटलं, दार लागलं. "डोअर्स डोन्ट हॅव फिंगर्स, बाबा." बायको, शोभना म्हणे, "पोलिसात जा. इथे हात उचलला की केस होते." तिच्याच अंगावर ओरडलो. ताट भिंतीवर फेकलं. वरण पार एसीपर्यंत उडालं. तिनंच फडकं घेऊन पुसलं.

कुठल्या तोंडानं जाऊ पोलिसात? व्हिसा क्लबचा. पोरीची बारावी तोंडावर.

त्याचा गळा दाबावासा वाटतो. खरंच वाटतो.

५ फेब्रुवारी

पिस्तूल उघडलं. ताणलेला हॅमर जिच्यावर अडकून राहतो ती टाच अगदीच खडबडीत. दगडावर घासून गुळगुळीत केली. चापाला वजन टांगून पाहिलं — अडीच किलोला सुटला. सुरेख! इथे हात थांबवायचा असतो.

नाही थांबवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सातशे ग्रॅम!

फुंकर मारली तरी सुटेल. दिवसभर डोळ्यांपुढे तेच — तो ऐटीत गोळी भरतोय, आणि हातातल्या हातात फुटतंय. मांडीत, पोटात, कुठंही. रक्त. किंचाळणं. मला बरं वाटत होतं. लाज नाही वाटली, बरं वाटलं!

रबरी हातोडा खणातून काढलाच नाही. फौजेत होतो तेव्हापासूनचा माझा नियम — चापाचं काम झालं की रिकामं पिस्तूल ताणून त्यावर हातोडा हाणायचा. सुटलं तर नापास. पास झालं की पहिली गोळी मी स्वतः झाडायची. मग मालकाच्या हातात. ऑस्करला हे तोंडपाठ आहे. तरी म्हटलं, स्पर्धेची घाई आहे, विसरेल.

कपाटात ठेवून चावी त्याला दिली. "झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "झालं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. जीव थाऱ्यावर नाही. अल नहदाच्या या घरात आम्ही नवे होतो, गॅससुद्धा लागला नव्हता, तेव्हा ऑस्करची बायको बर्था महिनाभर डबा पाठवत होती. उद्या तिला काय सांगणार? चावी मागायला फोन केला. तो म्हणे, "मी क्लबातच आहे. उद्या सकाळी ये." आवाज नेहमीचाच.

उद्या सगळ्यांच्या आधी जायचं. तसल्याच दुसऱ्या पिस्तुलाची टाच आहे माझ्याकडे, ती बसवायची. खलास. त्याची थप्पड त्याला लखलाभ!

११ फेब्रुवारी

हॉस्पिटल. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहितोय.

शनिवारी सातलाच पोचलो. तर ऑस्कर रेंजवर हजर, पिस्तूल टेबलावर, मेंबर जमलेले. बर्थासुद्धा, केक घेऊन! मी म्हटलं, "दे इकडे, थोडं काम राहिलंय." तो हसला. "राहिलंय कसलं? तूच म्हणालास ना झालं! पहिली गोळी तुझी असते. मार!"

सांगून टाकायचं होतं. एकच वाक्य! पण परत त्याच सहा जणांपुढे मान खाली घालायची? पिस्तूल उचललं. मॅगझिन घातलं. गोळी आत घ्यायला वरची स्लाइड मागे ओढली, सोडली — टाचेवरून हॅमर निसटला आणि फाट्! डावा पंजा नळीपुढे कधी घसरला, कळलंच नाही.

दोन बोटं गेली. काम करताना टाच दगडावर धरायची ती दोन.

ऑस्करनं शर्ट फाडून बांधला, गाडी हाकली. रडत होता. पोलिसांनी पिस्तूल जागच्या जागी जप्त केलं. त्यांना आम्ही दोघांनी सांगितलं — अपघात.

माझी करणी मला फळली. तो मात्र माणूस निघाला. बरा झालो की त्याचे पाय धरून खरं सांगणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑस्कर आला होता. संत्रं सोललं, एकेक फोड हातावर ठेवली. मी म्हटलं, "ऑस्कर, मला काहीतरी सांगायचंय." तो जवळ वाकला. म्हणाला,

"सातशे ग्रॅम?"

पिस्तूल शनिवारपासून पोलिसांकडे आहे. म्हणजे वजन त्यानं शुक्रवारीच टांगलं होतं.