चाळीस दिवस, रविवार सोडून

बुधवार, २२ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.
कपाळाला राख लावून आलो. मन एकदम स्वच्छ वाटतंय.
भाची लोरेदानाच्या बाळाचा बाप्तिस्मा ईस्टरला आहे. धर्मपिता म्हणून तिने माझं नाव सांगितलं. पाच मामा आहेत पोरीला, पाचांतून मी! त्यासाठी फादर एउजेनिओंचं पत्र लागतं, की हा माणूस लायक आहे. मागायला गेलो तर म्हणाले, कार्मिने, एकोणीस वर्षं तू दर ईस्टरला एकच पाप कबूल करतोस. नेपल्स बघायला आलेल्या टूरिस्टांना टॅक्सीतून लांबून फिरवतोस. मला आता पाठ झालंय. या वेळी ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस तेवढं सोड, मग ये, सही करतो.
म्हटलं, एवढंच ना!
लोक या दिवसांत दारू सोडतात, मांस सोडतात. मला फक्त वळसा सोडायचाय. तितिना (बायको) फणकारली, तू वळसा सोडलास तर मी कॉफी सोडते, बघू कोण आधी मोडतं. बघच म्हटलं.

गुरुवार, २३ फेब्रुवारी.
एकही टूरिस्ट मिळाला नाही. व्रत शंभर टक्के पाळलं.
तितिनाचं डोकं दुखतंय. तिने झारा फेकला. मला लागला नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी.
दोन डच पोरं. सरळ नेलं. बोगद्यातून, सर्वांत जवळचा रस्ता. त्यांच्याकडे छापील यादी होती, युरोपात टूरिस्टांना कसं फसवतात त्याची. बोगदा आल्याबरोबर एक ओरडला, हाच तो अंधारातला रस्ता! दुसरा माझा व्हिडिओ काढायला लागला. बाहेर पडताच उतरून पळाले.
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ नेलं आणि पहिल्यांदाच चोर ठरलो. डोंगरावरून फिरवलेले लोक उतरताना हात मिळवतात. यावर फादरांनी विचार करावा.

रविवार, २६ फेब्रुवारी.
एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात. व्रत चाळीसाचं. म्हणजे मधले सहा रविवार मोकळे! हे गणित माझं नाही, चर्चचं आहे.
आज एका कुटुंबाला किल्ल्यावरून नेलं. अगदी निर्धास्त मनाने.
तितिनाला म्हटलं, रविवारी कॉफी चालते. म्हणाली, मी देवाला शब्द दिलाय, कॅलेंडरला नाही. हट्टी बाई आहे.

मंगळवार, १४ मार्च.
किरकोळ प्रकार. अमेरिकन बाई खिडकीतून समुद्र बघून ब्युटिफुल म्हणाली. ही मी विनंती धरली आणि आणखी समुद्र दाखवला. मागितलेलं दिलं तर तो वळसा होत नाही.
तरी हिशेबात राहावं म्हणून येत्या रविवारी सरळ नेईन. अदलाबदल.

रविवार, १९ मार्च.
अदलाबदल राहिली. रविवारी सवय नाही.

रविवार, २ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.
चर्चमधून ऑलिव्हची डहाळी आणून गाडीच्या आरशाला अडकवली. शेवटचा मोकळा रविवार.
दुपारी बंदरामागच्या छोट्या हॉटेलातून एक म्हातारं जोडपं बसलं. स्लोव्हेनियाचे, दोघांना आपली भाषा छान येते. स्तोयानराव तरुणपणी जहाजावर इंजिनिअर होते, त्यांचं जहाज इथे लागायचं. बाई दानित्सा. त्यांना होड्यांच्या धक्क्यावरच्या कॅफेत जायचं होतं. आता तो कॅफे म्हणजे हॉटेलच्या बाजूची गल्ली उतरलं की आलाच. पण आज रविवार. मी बोगद्यातून डोंगरावर नेलं, पलीकडून उतरवलं, सबंध किनारा दाखवला. चाळीस मिनिटं. तोंड सुरूच होतं माझं. स्तोयानराव गुडघ्यावर थाप मारून हसत होते. उतरताना दानित्साबाईंनी पर्समधून यादी काढली (सुनेने छापून दिली म्हणे, टॅक्सीवाले पहिल्या नंबरला) आणि म्हणाल्या, बरं झालं देवा, प्रामाणिक माणूस भेटला. शनिवारपर्यंत रोज याच वेळेला या.
घरच्या प्लमच्या जॅमची बाटली दिली.

सोमवार, ३ एप्रिल. सकाळी.
आज व्रताचा दिवस. सरळ नेणार. काय वाट्टेल ते होवो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
नेता आलं नाही. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आज दोन मिनिटांत पोहोचवलं तर काल चाळीस कशी लागली हे विचारतील. त्यांचा माणसांवरचा विश्वास उडेल. म्हातारपणी! त्यापेक्षा डोंगरावरून नेलं. त्यांच्या भल्यासाठी.
जॅम उघडला नाही. फळीवरून माझ्याकडे बघतोय.

मंगळवार, ४ एप्रिल.
वळणावर म्हटलं, उजवीकडे बघा, व्हेसुव्हियस! स्तोयानराव वळले आणि म्हणाले, वा, तसाच आहे अजून. व्हेसुव्हियस डावीकडे होता. मीच बोलण्याच्या नादात चुकलो होतो.
त्यांना दिसत नाही. तो काळा चष्मा मी फॅशन समजत होतो. दानित्साबाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या.
रात्री ताट तसंच बाजूला सरकवलं. तितिनाने विचारलं, काय झालं? पित्त म्हटलं.
आंधळ्या माणसाला फसवणं महापाप. म्हणून यापुढे फसवणूक फक्त बाईंची होते असं धरायचं.

बुधवार, ५ एप्रिल.
आजही डोंगरावरून. पण मीटर बंद ठेवून अर्धेच पैसे मागितले. दानित्साबाईंनी पूर्ण दिले. नको म्हटलं तर म्हणाल्या, घ्या, कमावलेत तुम्ही.
कमावलेत! हा शब्द दिवसभर कानात आहे. स्टँडवर माझ्या मागे असणारा पेप्पे म्हणाला, कार्मिने, तोंड का असं, कुणी तुलाच फिरवलं की काय?
उद्या सांगून टाकणार. नक्की.

गुरुवार, ६ एप्रिल.
सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात स्तोयानरावांनी विचारलं, सारखी चर्चची गोष्ट काढता, काय भानगड आहे? बाप्तिस्म्याचं आणि पत्राचं सांगितलं. (व्रत कशाचं ते सांगितलं नाही. कॉफीचं म्हटलं.) ते एकदम ताठ बसले. म्हणाले, फादरांना मी लिहितो! कॅफेत कागद मागवला. ते सांगत गेले, दानित्साबाई लिहीत गेल्या. मान वर न करता. की आम्हाला नेपल्समध्ये एक सच्चा माणूस भेटला, चाळीस वर्षांनी माझं शहर त्याने मला परत दाखवलं. सही करायला त्यांचा हात धरून बाईंनी कागदावर ठेवला. मग ते कॉफी पीत असताना लिफाफा बंद करून मला दिला.
मी रडलो. पश्चात्ताप म्हणून रडलो, पण पत्र कामाचं आहे हेही मनात आलं. खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे.
मिरवणुकीसाठी रस्ते बंद. गाडी लांब लावून हॉटेलवर चालत गेलो. ठरवून गेलो होतो, आज सगळं सांगायचं, पाया पडायचं. दारातच दोघं उभी होती. मी म्हटलं, आज गाडी नाही, तर... तोवर दानित्साबाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, मग चालू या. आणि सरळ गल्लीत वळल्या. मला काही न विचारता. कुठे अडखळल्या नाहीत, पायऱ्या कुठे आहेत तेही त्यांना माहीत. दोन मिनिटांत कॅफे.
स्तोयानराव म्हणाले, अरे, आज इतक्यात आलो? बाई म्हणाल्या, गुड फ्रायडे आहे, आज पायी जाणाऱ्यांना मधली वाट उघडी असते. मग मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, रविवारीच संध्याकाळी खोलीची बाल्कनी उघडली तर खाली हाच कॅफे. घरी हे दिवसभर खुर्चीत बसून असतात, एक शब्द बोलत नाहीत. तुमच्या गाडीत हसतात. सोमवारपासूनचं मी विकत घेतलं, त्यात फसवणूक नाही. रविवारी मात्र मला माहीत नव्हतं. त्या दिवसाचं तुमचं तुम्ही बघा.
रविवारचे पैसे पुढे केले. त्यांनी माझी मूठ मिटवली. आणि यांना कळू द्यायचं नाही, म्हणाल्या.
एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तो तर मोकळा रविवार होता.

शनिवार, ८ एप्रिल.
त्यांना विमानतळावर सोडलं. सरळ. स्तोयानरावांना चुकल्यासारखं वाटत होतं, पुढच्या वर्षी परत येतो म्हणाले.
तिथून फादरांकडे. खरं सांगायचं ठरवून. पण ईस्टरची तयारी, फुलं, मेणबत्त्या, फादर घाईत. लिफाफा घेतला, हे काय विचारलं. म्हटलं, एका प्रवाशाचं पत्र. चाळीस दिवस पाळलेस का? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे. त्यांनी सही केली.

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर.
कसं लिहू.
चर्च भरलेलं. अख्खा टॅक्सी स्टँड नवीन कोट घालून. बाळ माझ्या हातात, माझा अंगठा घट्ट धरून. फादरांनी प्रवचनात तो लिफाफा काढला, सगळ्यांसमोर फोडला. म्हणाले, आपल्यात बदलणारी माणसं आहेत, ऐका. आणि वाचायला लागले. सच्चा माणूस इथे आल्यावर पेप्पेला खोकल्याची उबळ आली. मागच्या दोन रांगांना आली. लोरेदानाचे डोळे भरून आले, मामा, मामा करत माझी बाही धरली तिने. तितिना माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं हे मला कळलं.
सही वाचून झाली. फादरांची नजर खाली सरकली आणि ते थांबले. कागद घडी करून खिशात घातला. नंतर मला दाखवला. सहीखाली बाईंच्या अक्षरात होतं, रविवारी आम्ही आलो त्या दिवसाचं मात्र यांनाच विचारावं.
मग बाप्तिस्मा. फादरांनी नेहमीचेच प्रश्न विचारले, पण माझ्याकडे बघून. सैतानाचा त्याग करतोस का? करतो. त्याच्या कृत्यांचा? करतो. त्याच्या सगळ्या फसवणुकींचा? मी बाळाकडे बघितलं. बाळ अंगठा सोडेना. लोरेदाना कुजबुजली, मामा, बोल ना. बोललो. कुणाला ऐकू गेलं देव जाणे.
बाहेर पायऱ्यांवर फादर कानाशी म्हणाले, पोरीचा दिवस मोडायचा नाही म्हणून बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. तुझे चाळीस दिवस उद्यापासून. रविवार धरून.
घरी तितिनाने शेहेचाळीस दिवसांनी कॉफी केली. एकच कप. माझ्यासमोर बसून प्यायली. मग जॅमची बाटली उघडून माझ्यापुढे ठेवली. खा, म्हणाली.

सोमवार, १० एप्रिल.
हॉटेलसमोर उभा होतो. एक परदेशी गृहस्थ बॅग ओढत आला, धक्क्याला न्याल का म्हणून. म्हटलं, टॅक्सी कशाला, ही गल्ली उतरा, दोन मिनिटं. त्याने खिशातून यादी काढली, माझ्याकडे बघितलं, बॅग छातीशी धरली आणि पेप्पेच्या गाडीत बसला.
पेप्पेने डोंगराकडे वळवली.
पहिला दिवस पाळला.