एकतीस नंबरचा शर्ट

विश्रांतवाडी, पुणे
१४ जानेवारी २०२५

चि. ऋचास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस. म्हणून हे पत्र उद्या लिहिणार होतो, पण उद्यापर्यंत दम निघेना. फोन करत नाही, कारण गेल्या दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतीस आणि मला ज्या आवाजात बोलायचं आहे तो मीटिंगमध्ये शोभणार नाही. टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढली आहेत. विश्रांतवाडीहून वाघोलीला पत्र जातं यावर माझा अजून विश्वास आहे.

विषय तुझ्या चुलतभावाचा. काल फुटबॉल क्लबने आमच्या तेजसला बोलावून सांगितलं की पुढच्या मोसमाचा करार नाही. का, तर तुझ्या कंपनीने काढलेला प्रभावांक कमी. पाच तारखेच्या सामन्यात म्हणे उणे दोन! पाच वर्षं डाव्या बाजूचा बचाव सांभाळणाऱ्या पोराच्या हातात एक कागद ठेवला, आणि त्या कागदावर तपासणाऱ्याच्या जागी सही कुणाची? ऋचा भागवत. माझ्या सख्ख्या पुतणीची.

त्याच्याऐवजी ठेवला कुणाला, तर सलिलला. हे महाशय त्या दिवशी संपूर्ण वेळ बाकावर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसले होते. मी बालेवाडीला समोरच्याच स्टँडमध्ये होतो. आणि यांचा प्रभावांक अधिक तीन! तुमच्याकडे बसण्याचे गुण देतात काय?

चोविसाव्या वर्षी क्लबने सोडलेल्या खेळाडूला दुसरा क्लब सहसा विचारत नाही. तेजस कालपासून जेवलेला नाही. त्याने तुला लिहू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिळगूळ काकू पाठवेल. तो मात्र गोड आहे.

तुझा,
शरदकाका


वाघोली
१८ जानेवारी २०२५

ती. काकांस,
ऋचाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, पत्रही पोचलं. दोन्ही एकाच दिवशी पोचल्यामुळे नेमकं कशावर विश्वास ठेवावा कळलं नाही.

काका, मलाही राग येतो. प्रभावांक मी मनाने ठरवत नाही. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, ही त्याची साधी वजाबाकी. तेजस असताना संघाने दोन गोल खाल्ले, एकही केला नाही. अडतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं, सलिल आत आला, आणि उरलेल्या बावन्न मिनिटांत संघाने तीन गोल केले. सामना तीन-दोन जिंकला. मला काय वाटतं याचा प्रश्नच नाही.

भाऊ म्हणून दोन गुण वाढवले असते, तर तुम्हीच मला दारात उभं केलं नसतं. सही करताना माझा हात काही हलका नव्हता.

आणि सलिल बाकावर होता म्हणता, तर चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या. आमचे लोक व्हिडिओ थांबवून थांबवून प्रत्येक नोंद करतात.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी लिहीत राहा.

आपली,
ऋचा


विश्रांतवाडी
२१ जानेवारी २०२५

चि. ऋचास,
आशीर्वाद. (कोरडे.)

बाहेर काढला? कुणाला बाहेर काढला? तेजस नव्वदच्या नव्वद मिनिटं खेळला! फुटलेल्या भुवईला पट्टी बांधून खेळला!

तुझं पत्र मी त्याच्यासमोर ठेवलं आणि अखेर त्याला बोलतं केलं. अडतिसाव्या मिनिटाला टक्कर झाली, भुवई फुटली, शर्ट रक्ताने भरला. रक्ताचा शर्ट घालून खेळू देत नाहीत, हे तुला ठाऊक असेलच. राखीव शर्टांची बॅग गाडीतच राहिली होती, आणि गाडी बाहेर गेलेली. तेव्हा बाकावरच्या सलिलने अंगातला काढून दिला. तेजस एकतीस नंबर घालून परत आत गेला. रेफ्रींनी त्याला परवानगीही दिली. तुझ्या हेमाकाकूने तो शर्ट धुऊन वाळत घातलाय. मी आत्ताच दोरीवरून आणून समोर ठेवलाय. एकतीस.

माझ्या चष्म्याचा नंबर गेल्या महिन्यात तपासला आहे. तुमच्या व्हिडिओ थांबवणाऱ्यांना डोक्याला एवढी मोठी पांढरी पट्टी बांधलेला माणूस दिसला नाही? आणि तू? वाघोलीत राहतेस, बालेवाडी काही परदेशात नाही. लहानपणी तेजसला सायकल शिकवलीस, त्याला पाठीमागून चालताना तू ओळखायचीस. आता तक्त्याबाहेरचं काही बघत नाहीस.

मला फार वाईट वाटलं आहे, हे स्पष्टच लिहितो.

शरदकाका


वाघोली
२७ जानेवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ पाहिला. पहिल्यांदाच पाहिला, हे तुमच्यापासून लपवत नाही. आमच्या लोकांनी पाठीवरचा नंबर पाहून सलिलचं नाव टाकलं, आणि मी फक्त तक्ता तपासला होता. नावं होती, मिनिटांची बेरीज जुळत होती, सही केली. चाळिसाव्या मिनिटाला पट्टी बांधून धावत येणारा तो तेजस आहे, हे मी पाठीवरूनच ओळखलं. मग बराच वेळ रडले. काका, माझं चुकलं.

तक्ता दुरुस्त केला. तेजस: नव्वद मिनिटं, अधिक एक. क्लबला पाठवला, आज उत्तर आलं. तेजसचा करार होणार.

पण माझा संताप आता दुसराच आहे. प्रशिक्षकांना फोन केला. त्यांनी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सलिल खेळलाच नाही. त्यांना उत्तर मिळालं की आठवणीवर निर्णय होत नाहीत, आकड्यांवर होतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाला हे सांगितलं, माझ्या सहीच्या जोरावर!

आणखी एक सांगितलं त्यांनी. सत्तराव्या मिनिटाला ते सलिलला आत पाठवणार होते. मोसमातली त्याची पहिलीच संधी होती. पण अंगात शर्ट नव्हता, आणि बॅग येईपर्यंत सामना संपत आला. तुम्ही पाहिलेली ती जॅकेटची चेन म्हणूनच गळ्यापर्यंत होती. नव्या तक्त्यात त्याच्यापुढे शून्य मिनिटं आहेत, म्हणून त्याचा करार आज रद्द झाला. हा तक्ता बरोबर आहे, काका. यावरही सही माझीच आहे.

काय करू ते कळवा.

आपली,
ऋचा


विश्रांतवाडी
३० जानेवारी २०२५

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद. (या वेळी खरे.)

चूक कबूल केलीस, तिथेच माझा तुझ्यावरचा राग संपला. स्वतःवरचा सुरू झाला. त्या पोराला मी 'महाशय' म्हटलं होतं. तू ते पत्र फाडून टाक.

तेजसने अजून सही केलेली नाही. सलिलचं ऐकून घेतल्याशिवाय करणार नाही म्हणतो. त्याच्या आईचा जीव खालीवर होतोय, माझाही होतोय. पण त्याला सही कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सोमवारी अकरा वाजता क्लबच्या कार्यालयात प्रशिक्षक, तेजस आणि मी जाणार आहोत. तूही ये. मीटिंग असेल तर ती मोडून ये. शर्ट देणाऱ्यासाठी तुझ्या तक्त्यात रकाना नसेल तर पाड. रेघा मारायला पट्टी मी घेऊन येतो.

तुझ्यावर लोभ होताच. सोमवारी आलीस तर अभिमानही धरीन.

तुझा,
शरदकाका

ता. क. सलिलला परत द्यायचा शर्ट हेमाने तीनदा धुतला. कॉलरवरचा रक्ताचा डाग काही गेला नाही. आता पुन्हा धुऊ नकोस म्हणून मीच तिला सांगितलं. त्या दिवसाची तेवढी एकच नोंद बरोबर झाली आहे.